वरून ऑर्डर आहे

माझे बाबा सरकारी नोकरीत होते, हेड क्लार्क म्हणून रिटायर झाले. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचे, आई सहाला घरी यायची तोपर्यंत. बाबांच्या मागच्या लोखंडी कपाटात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे असायचे, त्यात सगळ्या स्टाफची सेवापुस्तकं. कोण कधी हजर झाला, बदली कुठे, बढती कधी, किती रजा खाल्ल्या, कुठल्या साहेबाने काय शेरा मारला, सगळं एका पुस्तकात. बाबा म्हणायचे, माणूस काय बोलतो ते सोड, त्याचं सर्व्हिस बुक वाच. आणि त्या ऑफिसातलं अजून एक वाक्य माझ्या कानात पक्कं बसलंय, कारण ते दिवसातून दहादा तरी ऐकू यायचं. "वरून ऑर्डर आहे." हे म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं, पुढे विचारायचंच नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑश्वित्झ, नाझींचा माणसं मारायचा कॅम्प. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही पोलंडमध्ये क्राकोवला राहतो, तिथून ओश्विएंचिम बसने दीडेक तास. (जर्मनांनी त्या गावाच्या नावाचं ऑश्वित्झ केलं.) पहिलं वर्षभर मी गेलेच नाही, भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना बसमध्ये बसवून द्यायचे आणि स्वतः घरी. शेवटी एका नोव्हेंबरात एकटीच गेले. तिथल्या चपला, चष्मे, केस, नावं लिहिलेल्या सूटकेसेस, याबद्दल मी लिहिणार नाहीये, मला ते जमणार नाही आणि ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते टूरच्या अगदी शेवटच्या थांब्याबद्दल.

मूळ कॅम्पमधली टूर पहिल्या क्रिमेटोरियमपाशी, म्हणजे प्रेतं जाळायच्या इमारतीपाशी संपते. बसकं बांधकाम, वर मातीचा चढ, चौकोनी चिमणी. त्यातून बाहेर आलं की बाजूलाच एक लाकडी फाशीचा सांगाडा उभा आहे. शेजारी पाटी आहे, की कॅम्पचा पहिला कमांडंट रुडॉल्फ होस याला १६ एप्रिल १९४७ ला इथे फाशी दिलं. लोक तोपर्यंत इतके थकलेले असतात की पाटी वाचून पुढे जातात. मी पण गेले असते, पण आमच्या गाईडबाईंनी झाडांच्या पलीकडे हात केला आणि म्हणाल्या, ते त्याचं घर. कुंपणाच्या बाहेर, अगदी हाकेच्या अंतरावर, साधं दुमजली घर. खिडक्या कॅम्पकडे. तिथे तो बायको आणि पाच मुलांबरोबर राहायचा, सगळ्यात धाकटी मुलगी १९४३ मध्ये इथेच झाली. एका जागी उभं राहून फक्त मान वळवायची, इकडे गॅस चेंबर, इकडे फाशी, इकडे मुलांची बेडरूम. मला तिथे रडू आलं नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस झोप नीट लागली नाही आणि मग मी त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचायला लागले. वाचता वाचता लक्षात आलं की मी त्याचं सर्व्हिस बुकच वाचतेय.

(हिटलरचा डेप्युटी होता तो हेस, तो वेगळा. नावं सारखी असल्याने कायम घोळ होतो.)

जन्म १९०१, बाडेन-बाडेन. घर कडक कॅथलिक, वडिलांची इच्छा मुलाने पाद्री व्हावं. पहिल्या महायुद्धात वय बसत नसताना सैन्यात घुसला, तुर्कांच्या बाजूने मेसोपोटेमिया आणि पॅलेस्टाईनच्या आघाडीवर लढला. युद्ध संपलं, जर्मनी हरली, घरी परतून काय करायचं कळेना म्हणून खासगी सशस्त्र टोळ्यांत शिरला, १९२२ मध्ये नाझी पार्टीत. १९२३ मध्ये पार्खिमजवळच्या जंगलात वाल्टर काडो नावाच्या एका शाळामास्तराला त्याने आणि साथीदारांनी मारून टाकलं, तो फितूर आहे असा संशय होता म्हणून. त्याच केसमध्ये मार्टिन बोरमानही अडकला होता, जो पुढे हिटलरचा सेक्रेटरी झाला. होसला दहा वर्षांची शिक्षा झाली, १९२८ च्या माफीत सुटला. म्हणजे या माणसाने स्वतः कोठडी भोगली होती, दार बाहेरून बंद होतं तेव्हा आत काय वाटतं हे त्याला माहीत होतं, त्याबद्दल त्याने नंतर पानंच्या पानं लिहिलीत. मला आधी वाटायचं की ज्याने भोगलं तो दुसऱ्याला तेच करताना निदान अडखळेल तरी. याने जेलमधून दुसरंच काहीतरी उचललं, की नियम पाळणारा कैदी सुखात राहतो.

सुटल्यावर शेती. तरुणांनी शहर सोडून जमिनीकडे जावं अशी एक संघटना होती तिकडे, त्यात गेला, तिथेच लग्न केलं १९२९ मध्ये, तीन मुलं झाली. स्वतःचं शेत घ्यायचं हे दोघांचं स्वप्न होतं. १९३४ मध्ये हिमलरने (एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा तो प्रमुख) त्याला एसएसमध्ये पूर्णवेळ ये म्हटलं आणि त्याच वर्षाअखेर तो डाखाऊला रुजू झाला, जर्मनीतला पहिला मोठा कॅम्प तो. तिथला साहेब थिओडोर आयके. एसएसवाल्याने कैद्याची दया करायची नसते, दया म्हणजे कमजोरी, हे धडे आयकेने घोटून घेतले. होस लिहितो की पहिल्यांदा कैद्याला फटके मारताना बघितले तेव्हा अंगावर काटा आला, आपण या कामाचे नाही असं वाटलं, परत शेतीकडे जावं असं मनात आलं. मग का नाही गेला? तर त्याचंच उत्तर आहे, मित्रांसमोर कमजोर दिसायचं नव्हतं, आणि तो काळा युनिफॉर्म फार आवडायला लागला होता. त्याने अनेक ठिकाणी खोटं लिहिलंय, पण या वाक्यावर माझा विश्वास बसतो.

मग पायऱ्या चढायला सुरुवात. डाखाऊत ब्लॉकचा इनचार्ज, मग हजेरी बघणारा, मग ऑफिसर. १९३८ मध्ये बदली, बर्लिनजवळ साक्सेनहाउझेन. तिथे आधी कमांडंटचा अ‍ॅड्जुटंट म्हणजे मदतनीस अधिकारी, मग कैद्यांच्या विभागाचा प्रमुख. इथे मला त्या पुस्तकातली एक नोंद सापडली आणि मी तिथेच थांबले. १८ जानेवारी १९४०. थंडी उणे २६. होसने हुकूम दिला की ज्यांना आज काम लावलेलं नाही अशा सगळ्या कैद्यांनी बाहेर मैदानात उभं राहायचं. कोट नाहीत, हातमोजे नाहीत. ८०० च्या वर माणसं. दिवसभरात आणि त्या रात्रीत मिळून १४० च्या वर मेली. असला हुकूम हिमलरने बर्लिनहून पाठवलेला नव्हता, तो होसच्या टेबलावरून निघाला. आणि ४ मे १९४० ला, म्हणजे चार महिनेही झाले नव्हते, बढती. ऑश्वित्झचा कमांडंट. वय ३८.

तेव्हा ते ऑश्वित्झ आपण समजतो ते नव्हतं. पोलिश सैन्याच्या जुन्या बराकी, चिखल, उंदीर-ढेकणं, पाण्याची बोंब. दहा हजार कैद्यांसाठी कॅम्प उभा कर एवढंच सांगितलेलं. सुरुवातीला साक्सेनहाउझेनमधून ३० जर्मन गुन्हेगार कैदी आणले, बाकीच्यांवर नजर ठेवायला. १४ जून १९४० ला तार्नूफच्या जेलमधून ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची पहिली गाडी आली, शाळा-कॉलेजची मुलं त्यात भरपूर.

आणि या काळाबद्दल होस जे लिहितो ते वाचताना मला अक्षरशः बाबांचं ऑफिस दिसायला लागलं, इतकी ती भाषा ओळखीची आहे. सामान मिळत नाही. वर पत्र पाठवलं तर उत्तर नाही. दिलेला स्टाफ बिनकामाचा, चांगली माणसं दुसऱ्या कॅम्पने ठेवून घेतली. काटेरी तारेसाठी वणवण, शंभर मीटर तार कुठून आणायची याची पंचाईत, शेवटी दुसरीकडून उचलून आणली. कैद्यांच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली नव्हती तर हा गाडी घेऊन झाकोपानेपर्यंत गेला, डोंगरातलं थंड हवेचं गाव ते, आम्ही दोनदा गेलोय फिरायला, क्राकोवहूनसुद्धा दोन तास लागतात. पलंगांच्या चौकटी आणि गवताच्या गाद्या अजून लांबून आणल्या. आणि हे सगळं लिहिताना त्याच्या सुरात जो आहे ना, तो कष्टाळू माणसाचा अभिमान आहे, की बघा कुठल्या परिस्थितीत मी हे उभं केलं.

ती पातेली माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण युद्धानंतरच्या न्युरेंबर्ग खटल्यात, पोलंडमध्ये, शेवटपर्यंत त्याने एकच सांगितलं, मी हुकूम पाळला. पण झाकोपानेला जाऊन पातेली शोध असा हुकूम कोणी दिला नव्हता. ऑर्डर वरून आली असेल, हौस कुठून आली?

पुढची पानं मी भराभर सांगते. १ मार्च १९४१ ला हिमलर बघायला आला आणि म्हणाला कॅम्प ३० हजारांचा कर, शेजारी बिर्केनाऊला एक लाखाचा दुसरा बांध, आणि आयजी फारबेन कंपनीला कारखाना बांधायला दहा हजार कैदी दे. आजूबाजूच्या गावांतली पोलिश माणसं घरांतून हाकलून दिली, साधारण ४० चौरस किलोमीटर जमीन कॅम्पच्या ताब्यात. त्या जमिनीवर होसने शेती, मत्स्यतळी, प्रयोगाच्या नर्सऱ्या काढल्या, राबायला कैदी. शेताचं स्वप्न त्याने असं पुरं केलं.

१९४१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी होस बाहेरगावी असताना त्याच्या हाताखालच्या कार्ल फ्रित्शने एक प्रयोग केला. कॅम्पमध्ये कपड्यांतल्या उवा मारायला झायक्लॉन बी नावाचं विषारी औषध वापरायचे, डब्यात खडे, हवा लागली की गॅस. तो त्याने काही सोव्हिएत युद्धकैद्यांवर वापरला. होसला परत आल्यावर सांगितलं. तो काय म्हणाला असेल? तो भडकला नाही, त्याने सप्टेंबरमध्ये ११ नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात मोठ्या प्रमाणावर तेच केलं, साधारण ६०० सोव्हिएत कैदी आणि २५० आजारी पोलिश कैदी. आणि मग लिहितो की मला हायसं वाटलं. का, तर गोळ्या घालून इतकी माणसं मारायची म्हणजे रक्ताचा सडा, बायका-मुलं समोर, आपल्या एसएसच्या पोरांच्या मनावर फार ताण येतो, आता तो येणार नाही. हे मी तीन वेळा वाचलं. माणसाच्या मनात दया होती तर. ती त्याने आपल्या पोरांसाठी राखून ठेवली होती.

ट्रेब्लिंकाला, म्हणजे पोलंडमधल्याच दुसऱ्या कॅम्पला, तो जाऊन आला. तिथे इंजिनाचा धूर सोडून मारायचे. न्युरेंबर्गला दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्याने सांगितलंय की मला ती पद्धत फारशी कार्यक्षम वाटली नाही, आम्ही सुधारणा केल्या, तिथे एका खोलीत २०० माणसं मावायची तर आम्ही एका वेळी २००० मावतील अशा बांधल्या. सुधारणा हा शब्द त्याचा आहे. एरफुर्टच्या टोफ अँड सन्स कंपनीने भट्ट्या बनवल्या. जून १९४३ मध्ये बांधकाम खात्याने बर्लिनला पत्र पाठवलं, की पाचही क्रिमेटोरियम तयार आहेत, २४ तासांत ४७५६ प्रेतं. पत्राला तारीख आहे, विषय आहे. बाबांच्या कपाटात असली हजारो पत्रं असायची, रस्त्याची, पाण्याच्या टाकीची.

जुलै १९४२ मध्ये हिमलर परत आला, या वेळी दोन दिवस. गाडीतून माणसं उतरण्यापासून चेंबर रिकामा होईपर्यंत सगळं बघितलं, काही बोलला नाही, रात्री जेवण वगैरे झालं, आणि जाताना होसला लेफ्टनंट कर्नलच्या दर्जाची बढती देऊन गेला.

१९४३ च्या शेवटी कॅम्पमध्ये चौकशी लागली. तुम्हाला वाटेल आता कोणालातरी जाग आली. चौकशी कशाची तर, मारलेल्या ज्यूंचं सोनं एसएसचे लोक खिशात घालतात याची. मॅक्सिमिलियान ग्राबनर म्हणून तिथल्या गेस्टापो म्हणजे गुप्त पोलिसांच्या विभागाचा प्रमुख होता, त्याच्यावर एसएसच्याच कोर्टात खटला भरला, आरोप की याने परवानगी न घेता कैदी मारले. परवानगी न घेता! पलीकडे रोज गाड्या येत होत्या. होसची नोव्हेंबरमध्ये बदली झाली, पण वरती, सगळ्या कॅम्पचा कारभार बघणाऱ्या मुख्यालयात. बायको-मुलं त्या घरातच राहिली. बागेत काम करणाऱ्या पोलिश कैद्याने नंतर साक्ष दिली की बाईंना ते घर सोडायचंच नव्हतं. आणि मे १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यूंच्या गाड्या यायच्या होत्या तेव्हा होसलाच परत बोलावलं, अनुभवी माणूस पाहिजे म्हणून. रेल्वे रूळ थेट बिर्केनाऊच्या आत आणले. साधारण आठ आठवड्यांत चार लाखांहून जास्त माणसं आणली, बहुतेकांना उतरल्या उतरल्या मारलं. भट्ट्या पुरेनात म्हणून खड्ड्यांत जाळलं. एसएसच्या भाषेत या मोहिमेला त्याचंच नाव होतं, होस मोहीम.

मला इथे बाबांबद्दल एक सांगायचंय. तुलना करायची नाहीये, तुलना होऊच शकत नाही. माझ्या लहानपणी एका जून महिन्यात वरून ऑर्डर आली होती की अमुक जागेवरच्या झोपड्या आठ दिवसांत काढा. बाबांच्या टेबलावर फाईल. त्यांनी त्यावर टिपणी लिहिली की गट नंबरात तफावत दिसते, खुलासा व्हावा, आणि फाईल परत वर पाठवली. वरून खुलासा आला, यांनी दुसरी शंका काढली. पावसाळा गेला. साहेब खूप बोलले, त्या वर्षी बाबांचा सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल खराब गेला, बढती दोन वर्षं लांबली, घरात आई चिडलेली मला आठवते. ऑक्टोबरमध्ये झोपड्या काढल्याच. मागच्या महिन्यात मी फोनवर विचारलं की बाबा तुम्ही तेव्हा असं का केलंत, तर म्हणाले, "अगं पावसात कुठे जाणार होती ती लोकं," आणि मग लगेच, जेवलीस का.

म्हणजे ऑर्डर वरून आली तरी ती एका टेबलावर येते आणि तिथे एक माणूस बसलेला असतो. युद्धानंतर इतके खटले झाले, नाही म्हणालो असतो तर आम्हालाच गोळी घातली असती असं शेकडो जणांनी सांगितलं, पण निःशस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून एसएसवाल्याला मारून टाकलं असं एकही पक्कं उदाहरण बचावाच्या वकिलांना दाखवता आलं नाही. बदली झाली असती. आघाडीवर पाठवलं असतं. सी.आर. खराब झाला असता.

जर्मनी हरल्यावर होस फ्रान्झ लांग नाव घेऊन डेन्मार्कच्या सीमेजवळ एका शेतावर मजूर म्हणून राहिला. ११ मार्च १९४६ च्या रात्री ब्रिटिशांनी पकडला. पकडणारा अधिकारी हान्स अलेक्झांडर, मूळचा बर्लिनचा ज्यू, हिटलर आल्यावर पळून इंग्लंडला गेलेला. होस म्हणत राहिला मी लांग आहे. अलेक्झांडरने अंगठी मागितली, तर म्हणे बोटातून निघत नाही. मग बोट कापतो म्हटल्यावर निघाली. आत दोन नावं कोरलेली होती, रुडॉल्फ आणि त्याची बायको हेडविग.

एप्रिलमध्ये न्युरेंबर्गला साक्ष, मग पोलंडच्या ताब्यात. क्राकोवच्या जेलमध्ये, म्हणजे मी राहते त्याच शहरात, त्याने तपास करणारे न्यायाधीश यान सेन यांच्या सांगण्यावरून सगळं लिहून काढलं. न्युरेंबर्गला त्याने २५ लाख गॅसने मारले असा आकडा सांगितला होता, इथे म्हणाला तो फार जास्त आहे, आणि देशवार आकडे दिले, त्यांची बेरीज साधारण ११ लाख ३० हजार येते. म्युझियमचे इतिहासकार फ्रान्चिशेक पीपर यांनी नंतर एकेका गाडीचा हिशोब लावला, १३ लाख आणले, ११ लाख मेले, त्यातले दहा लाखांच्या आसपास ज्यू, बाकी पोलिश, रोमा, सोव्हिएत कैदी. हे मुद्दाम लिहितेय, कारण आकडा बदलला म्हणजे सगळंच खोटं असं म्हणणारे लोक आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर दिसायला लागलेत.

वॉर्सात मार्च १९४७ मध्ये खटला, २ एप्रिलला फाशीची शिक्षा. मरण्याआधी त्याने मोठ्या मुलाला पत्र लिहिलं. त्यात आहे की स्वतः विचार करायला शीक, सांगितलेलं सगळं खरं मानू नकोस, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ही की वरून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर मी आंधळा विश्वास ठेवला. हे पत्र वाचून बऱ्याच लोकांना तो शेवटी माणूस झाला असं वाटतं. मला नाही वाटत. त्यात परत "वरून" आहे. पातेली नाहीत, साक्सेनहाउझेनचं मैदान नाही, हायसं वाटलं ते नाही.

मी परत एकदा गेले ओश्विएंचिमला, या वेळी सहा नंबरच्या ब्लॉकमध्ये बराच वेळ थांबले. तिथे कॉरिडॉरच्या दोन्ही भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, डोकी भादरलेली. प्रत्येकाखाली नाव, नंबर, धंदा, आल्याची तारीख, मेल्याची तारीख. शिक्षक, शेतकरी, खाटीक, विद्यार्थी. खूपजणांच्या दोन तारखांत तीन-चार महिन्यांचं अंतर. मी एकेकाचं नाव वाचत गेले, उच्चार चुकत असणार माझे, तरी वाचलं. मागून ग्रुप आला की भिंतीला चिकटून उभी राहायचे.

पहिल्या ३० जर्मन गुन्हेगारांना १ ते ३० नंबर दिले होते, म्हणून तार्नूफच्या गाडीतल्या पोलिश कैद्यांचे नंबर ३१ पासून सुरू झाले. ३१ नंबर स्तानिस्वाफ रिन्याक नावाच्या मुलाला मिळाला, वय २४. तो जगला. होसच्या फाशीनंतर आणखी ५७ वर्षं, २००४ पर्यंत.